तिसरी गिरणी

मोशी, ६ जून २०२४

प्रिय प्रभाकरकाका,

नमस्कार. फोन लावला की तुम्ही तिकडून "हॅलो, हॅलो" करता, मी इकडून गळा फाटेस्तोवर ओरडते आणि शेवटी फोन चारुकाकूच्या हातात जातो. अख्खी नोकरी प्रेस शॉपमध्ये केलीत आणि रिटायर होताना कान तिथेच ठेवून आलात. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. मी शाळेत असताना तुम्हीच ही सवय लावली होतीत, तेव्हा आता सोसा.

कंपनीतलं माझं पॅकिंगचं काम मार्चमध्ये संपलं. ठेकेदाराने पुन्हा बोलावलं नाही. आमच्या घरापुढचा, रस्त्याच्या कडेचा गोठा तुम्ही पाहिला आहे. म्हशी गेल्या, रस्ता रुंद झाला, आणि आता त्याला सगळे गाळा म्हणतात. वडापाववाला मागतोय, मोबाइलवाला मागतोय. पण सासऱ्यांनी मला बोलावून सांगितलं, "गुढीपाडव्यापातुर तुला देतो. काय करायचं ते कर. न्हाई चाललं तर भाड्यानं दीन, मग डोळ्याला पदर लावायचा न्हाई." अर्जुनराव माणूस कडक आहे, पण शब्दाचा पक्का. सुनेला गाळा देणारा सासरा आमच्या आळीत दुसरा नाही.

मला पिठाची गिरणी घालायची आहे. आमच्या रस्त्यावर दोन आहेत. एक देवळापाशी इंदुताईंची, दुसरी सोसायट्यांच्या तोंडाशी. दोन महिने झाले, दुपारी मी इंदुताईंकडे जाऊन बसते. दळता येतं आता मला. दगड झिजून गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावायलाही शिकतेय. इंदुताई स्वतःच म्हणते, "घाल बाई तू, माझ्याच्यानं आवरत न्हाई आता."

माहेरी तात्यांना विचारलं तर म्हणाले, "प्रभाकर शिकलेला हाय, त्याला इचारल्याबिगर दगड घेऊ नको." तुमचा जावई गोरक्ष नेहमीप्रमाणे हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. शिफ्टवरून येतो, जेवतो, झोपतो. तर तुम्ही सांगा. तुम्ही हो म्हणालात की तात्या हो म्हणतील आणि मलाही धीर येईल.

काकूला नमस्कार.

तुमची
तनुजा

---

रहाटणी, १४ जून २०२४

चिरंजीव तनुजा हिला प्रभाकरकाकाचे पुष्कळ आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून चांगलं आहे, हे पाहून बरं वाटलं. कान तिथे ठेवून आलो हे खरं, पण डोकं बरोबर आणलंय, तेव्हा जरा ऐक.

आमच्या कंपनीत सजेशन स्कीम होती. प्रत्येक खात्यात एक पेटी. कामात सुधारणा सुचली की चिठ्ठी टाकायची. महिन्याला निकाल. आपल्या घरातला स्टीलचा थर्मास, भिंतीवरचं घड्याळ, तू कॉलेजला नेत होतीस ती बॅग, सगळं त्या पेटीतून आलेलं आहे. आता काही महाभाग काय करायचे, दुसऱ्या खात्यात बक्षीस मिळालेली सूचना उचलायची आणि आपल्या नावाने टाकायची. साहेब त्यावर लाल शाईने एकच शेरा मारायचे. "आधीच आली आहे." बस. पुढे वाचायचेसुद्धा नाहीत.

बाळा, तुझ्या गिरणीवर मला तोच शेरा मारावासा वाटतो. एका रस्त्यावर दोन असताना तिसरी कशाला? एकाने चहाची टपरी टाकली की शेजारी चार टपऱ्या, एकाने पिकअप घेतला की सगळं गाव पिकअप घेतं, हा आपल्या लोकांचा जुना रोग आहे. इंदुताई आज गोड बोलते, उद्या तिची गिऱ्हाइकं तुझ्याकडे वळली की बघ.

तुला पिठाचीच आवड आहे ना? मग त्यात नवं काहीतरी कर. मी विचार करून ठेवला आहे. सात धान्यांचं ताजं पीठ, पाकिटात, दळल्याची तारीख आणि वेळ छापून, सोसायटीच्या गेटवर पोचतं. व्हॉट्सॅपवर ऑर्डर. बाईने डबा उचलायचा नाही, रांगेत थांबायचं नाही. अख्ख्या मोशीत असं कोणी करत नाही. मोशी सोड, आमच्या रहाटणीतही नाही.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवलं. ती काहीतरी म्हणाली, पण मिक्सर चालू होता.

सविस्तर कळव.

प्रभाकरकाका

---

मोशी, २ जुलै २०२४

प्रिय काका,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी रडू आलं, खोटं कशाला सांगू. "आधीच आली आहे" हे वाचून शाळेत पेपरवर भोपळा मिळाल्यासारखं वाटलं.

मी इंदुताईंना तुमची कल्पना सांगितली. ती दगडावरचा हात न काढता म्हणाली, "नवीन काय आन् जुनं काय, मला कळत न्हाई बाई. पीठ ते पीठ." सासूबाई म्हणाल्या, "सात धान्याची भाकर थापायची कशी?" पण कौशल्याबाई माझ्या प्रत्येक गोष्टीला असंच म्हणतात.

खरं सांगू का काका? मला वेगळं असं काही सुचत नाही. मला दळता येतं. दगडाच्या आवाजावरून पीठ बारीक पडतंय का जाड, ते आता कळायला लागलंय. रविवारी इंदुताईंच्या दारातली डब्यांची रांग देवळाच्या पायरीला टेकते. ती रांग बघितली की मला वाटायचं, यातले निम्मे डबे माझ्या दारात आले तरी तिचं काही जाणार नाही.

पण मग विचार केला, तुम्ही जग बघितलंय. आपल्या घराण्यातला पहिला माणूस तुम्ही, गावाबाहेर पडून डिप्लोमा केलेला. तात्या पण म्हणाले, "प्रभाकर म्हणतोय तर त्यात कायतरी असंल." तेव्हा पाकिटाचं करू. लेबल तुम्हीच करून द्या. मला तसलं काही जमणार नाही.

तनुजा

---

रहाटणी, १५ ऑक्टोबर २०२४

प्रिय तनुजा,

दसऱ्याला तुझ्या गाळ्यावर झेंडूचं तोरण आणि त्याखाली ती पाकिटांची रांग पाहिली आणि ऊर भरून आला. लेबलाला वेळ लागला, मान्य. तू श्रावणातच सुरू करू म्हणत होतीस. पण सात वेळा बदललं तेव्हा कुठे तो हिरवा रंग मनासारखा आला. जे करायचं ते नीट. दगडाबरोबर पॅकिंगचं मशीनही घेतलंस ते उत्तम. गोरक्षने ते बसवलंही झकास.

अर्जुनरावांनी दोनदा पाकीट उचलून पाहिलं, ते मी टिपलं. तात्यांना तर मी इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. काकूने दोन पाकिटं पिशवीत टाकली ती तू पाहिलीसच.

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत मी तुझंच सांगत असतो. सगळे म्हणतात, कल्पना नवी आहे.

एक लक्षात ठेव. कोणी आपला गहू घेऊन आलं आणि "एवढं दळून दे" म्हणालं, तर नाही म्हणायचं. एकदा का दुसऱ्याचं दळण हातात घेतलंस, की तू तिसरी गिरणी झालीस. मग त्या लेबलाला काय अर्थ?

आशीर्वाद.

प्रभाकरकाका

---

मोशी, ८ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

बरं चाललंय. तुमची तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र लावता का, की डबीत ठेवून दिलंय?

मोठ्या सोसायटीतल्या अनुया मॅडम दर आठवड्याला दोन पाकिटं घेतात. त्या हिंजवडीला कामाला आहेत, त्यांना सात धान्यांचं फार कौतुक. फोटो काढून ग्रुपवर टाकतात. त्यामुळे चौकशी पुष्कळ होते.

बायका येतात, पाकीट हातात घेतात, वास घेतात. "गहू कुठला?" विचारतात. ज्वारीचं पीठ किती दिवसांचं आहे विचारतात, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. मग हमखास एक प्रश्न येतो, "ताई, आमची ज्वारी गावाकडनं आलीय, आणू का? दळून द्याल का?" परवा एक बाई तर डबा घेऊनच आल्या. बीडकडच्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरून डबा घेऊन, कडेवर पोर. मी तुम्ही सांगितलं तसं नाही म्हटलं. मागे दगड दिसत होता त्यांना. म्हणाल्या, "मग हे कशाला ठेवलंय?" त्या गेल्यावर मी दगडावर कापड टाकलं.

इंदुताईंची गिरणी गुडघ्यांमुळे दुपारी बंद असते आता. डबे बाहेर उन्हात उभे असतात.

काकूला विचारा, ती दोन पाकिटं कशी लागली? तिने अजून पुढची मागवली नाहीत.

तनुजा

---

रहाटणी, ३ जानेवारी २०२५

प्रिय तनुजा,

शाबास! त्या बाईंना नाही म्हणालीस ते फार चांगलं केलंस. मोहाचा क्षण तोच असतो. चौकशी पुष्कळ होते म्हणजे अर्धं काम झालं. शितावरून भाताची परीक्षा. एक अनुया मॅडम आहेत, तर पन्नास होतील.

आता आठ नंबरचं धान्य म्हणून राजगिरा घालून बघ. शिवाय बिटाचं लाल पीठ, पालकाचं हिरवं. मी तीन नवी लेबलं काढून ठेवली आहेत, गोरक्षच्या हाती पाठवतो.

काकू बरी आहे. पिठाचं तिला विचारलं, ती हसली. आवडलं असणार.

प्रभाकरकाका

---

रहाटणी, ११ एप्रिल २०२५

माझ्या लाडक्या तनू,

हे पत्र तुझ्या काकांचं नाही, माझं आहे. ते बँकेत गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते. मला त्यांच्यासारखं लिहिता येत नाही, सांभाळून घे.

चार महिने तुझं पत्र नाही. काका म्हणतात, कामात असेल, धंदा वाढला की असंच होतं. मी काल गोरक्षला फोन केला तेव्हा कळलं, पाकिटं खपलीच नाहीत. पाडव्याला गाळा गेला तुझ्या हातून. सासऱ्यांनी किल्ली मागितली आणि तू दिलीस.

तुला एक सांगायचं आहे. काकांनी तुझं पहिलं पत्र वाचून दाखवलं, तेव्हा मी म्हटलं होतं, "गिरणीच घालू द्या तिला." मिक्सर चालू होता हे खरं. पण मी तो बंद करून पुन्हा म्हटलं होतं. ते म्हणाले, तुला त्यातलं काय कळतं? मी गप्प बसले. दर पंधरा दिवसांनी दळण नेणारी मी, आणि मला कळत नाही! तेव्हा चिडायला हवं होतं. तुला सरळ फोन करायला हवा होता. पण शिकलेला माणूस बोलला की आपण भांडी घासायला लागायचं, ही खोड आमची.

तुझी पाकिटं मी धिरड्यांना वापरली. पोळ्यांना नाही चालली गं. आणि मागवणार तरी कशी? काल आमचा वर्षाचा गहू आला. काकांनीच रिक्षातून उतरवून दुसऱ्या मजल्यावर चढवला, एरंडेल लावायला मला मदत केली. मोशीतल्या सोसायट्यांतही घरोघर हेच असणार, कोणाचा गावाकडचा, कोणाचा बाजारातला. घरात गव्हाची कोठी भरलेली असताना बाई पीठ विकत कशी घेईल? तिला आपलाच गहू दळून हवा असतो. ही गोष्ट काकांना दरवर्षी खांद्यावर येऊनही कळली नाही.

रहाटणीत आमच्या गल्लीला चार गिरण्या आहेत. चारही चालतात. मी एकीकडे जाते ते तिचं पीठ सोन्याचं आहे म्हणून नाही. ती जवळ आहे आणि संध्याकाळी उघडी असते.

ये एकदा. पुरणपोळी करते.

चारुकाकू

---

मोशी, २७ एप्रिल २०२५

काका आणि काकू,

काकूचं पत्र मिळालं. काका, तुम्हीही ते वाचलं असेल असं धरून लिहिते.

पाडव्याला अर्जुनरावांनी वेळेवर किल्ली मागितली. ओरडले नाहीत, टोमणा मारला नाही. मीच म्हटलं, अजून दिवाळीपर्यंत द्या, मी साधी गिरणी घालते. ते म्हणाले, "पोरी, तवाच घातली आसतीस तर मीच नारळ फोडला आसता. आता मी सबूद दिलाय दुसऱ्याला."

तो दुसरा म्हणजे लातूरकडचं एक जोडपं. शालनबाई आणि तिचा नवरा. माझ्या तोरणाचे खिळे अजून तसेच होते, त्यावर त्यांनी तोरण बांधलं. आणि काय सुरू केलं असेल? गिरणी. तिसरी.

पहिल्या दिवशी पहिला डबा आमच्या सासूबाईंनी ठेवला. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "पीठ सरलंय. दारातली सोडून रस्ता वलांडू का?" बरोबरच आहे त्यांचं. दुसऱ्या रविवारी ती बीडकडची बाई आली, कडेवर तेच पोर. रांगेत डबा ठेवला, माझ्याकडे बघून हसली. तिने मनात काही ठेवलं नव्हतं, हेच मला जास्त लागलं. इंदुताईंचं काही कमी झालेलं नाही. उलट दुपारी तीच माणसं इकडे पाठवते.

मी पुन्हा पॅकिंगला लागले, चाकणला. ठेकेदार वेगळा, काम तेच. सकाळी बस पकडायला निघते तेव्हा शालनबाई शटर वर करत असते.

काका, तुमच्यावर माझा राग नाही असं लिहायला बसले होते. पण आहे. फार आहे. तुम्ही चुकलात म्हणून नाही. मला काय येतं ते मी पत्रात लिहिलं होतं, आणि तुम्ही ते वाचलंच नाही. तुमच्या साहेबांसारखा शेरा मारून मोकळे झालात. आणि माझा स्वतःवर जास्त राग आहे. मी एकोणतीस वर्षांची बाई, आणि परवानगी मागत बसले.

तुमची तीन लेबलं माझ्याकडे आहेत. फेकवत नाहीत.

तनुजा

---

रहाटणी, १९ ऑगस्ट २०२५

प्रिय तनुजा,

चार महिने झाले. मला उत्तर सुचलं नाही असं नाही, उत्तरं फार सुचली. त्यात बाजाराची चूक होती, हंगामाची होती, भाकरीच्या विरीचीसुद्धा होती. सगळी फाडली. काकू म्हणाली, एवढा कागद फाडण्यापेक्षा दळण घेऊन या.

तेव्हापासून आमचं दळण मी आणतो. पहिल्या दिवशी रांगेतले डबे ओलांडून पुढे गेलो, तर बायकांनी असं झापलं की कानाचं यंत्र नसतानाही नीट ऐकू आलं. आता गुपचूप डबा ठेवतो आणि कट्ट्यावर बसतो. आमच्या चारही गिरण्या हिंडून पाहिल्या. दगड तोच, पट्टा तोच, कोणाच्याही भिंतीवर नवं काही नाही. एक पहाटे उघडते. एकीकडे उपवासाचं दळण वेगळ्या दगडावर मिळतं. एक म्हातारीचा डबा घरी पोचवते. रांग चौघींकडे.

एवढं सगळं आपल्या गल्लीत होतं, आणि मी सकाळी त्याच्यावरूनच फिरायला जात होतो. मी तुझं नुकसान केलं. तुझा गाळा गेला, वर्ष गेलं, आणि हौस गेली ती वेगळीच. मला वाईट वाटतं, पण माझ्या वाईट वाटण्याने तुझी चाकणची बस काही टळणार नाही.

थर्मास आणि घड्याळ माळ्यावर टाकलं. काकू म्हणाली, घड्याळाने काय बिघडवलं? ते परत लावलं.

मोशीला यावं असं फार वाटतं. तुझ्यासमोर उभं राहायला धीर होत नाही.

प्रभाकरकाका

---

मोशी, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय काका,

काल रविवारी तुम्ही मोशीत आला होतात. घरी आला नाहीत. मी खिडकीतून पाहिलं.

आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी आहे. रहाटणीहून एवढ्या लांब कोणी दळण घेऊन येतं का? पण तो पितळी कडीचा डबा काकूचा, आणि तो छातीशी धरून उभं राहायची तऱ्हा तुमची. बसमध्येही तसाच धरला असणार. तुम्ही रांगेत डबा ठेवलात, पण हात काही सोडला नाहीत. डबा पुढे सरकेल तसे तुम्ही वाकून वाकून त्याच्याबरोबर सरकत होतात. बायका हसत होत्या. मलाही हसू आलं, आणि मग रडू आलं.

तुमचा नंबर आला तेव्हा शालनबाईने विचारलं, "काका, कसं दळू? बारीक का मध्यम?" तुम्हाला ऐकू आलं नाही. तिने पुन्हा विचारलं. तुम्ही कानामागे हात नेलात, आणि मग ऐकू आलं तरी उत्तर येईना. कारण तुम्हाला माहीतच नव्हतं. रहाटणीतली बाई न विचारता दळत असणार, तिला घर ठाऊक आहे.

मी चप्पल न घालता खाली आले. तुमच्या मागे, हातभर अंतरावर उभी राहिले आणि शालनबाईला म्हटलं, "मध्यम. त्यांच्या घरी पोळ्या असतात." दगडाच्या आवाजात तुम्हाला काही कळलं नाही. तुम्ही मान वळवली असती तर मी थांबले असते. तुम्ही पिठाकडेच बघत होतात, दगडाखालून पडणाऱ्या. मी तशीच घरात परत गेले. का गेले ते मलाही सांगता येणार नाही. राग संपलेला नाही काका, पण पूर्वीसारखा धडपणे येतही नाही.

बस यायला वेळ होता तेव्हा तुम्ही गाळ्याच्या भिंतीला हात लावलात, जिथे मी तुमच्या लेबलांची फळी ठोकली होती तिथे. तेही पाहिलं.

त्या पहिल्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, दोन असताना तिसरी कशाला? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. रस्त्याला ती तिसरी होती काका. माझी पहिलीच होती.

काकूच्या डब्याचं झाकण गिरणीत राहिलं होतं. शालनबाईने आणून दिलं. ते मी धुऊन ठेवलंय, पाठवणार नाही. येऊन न्या, आणि या वेळी घरात या.

तनुजा